नागपूरच्या लाटसाहेबाच्या खुर्चीवर वऱ्हाडचा वकील

भंडाऱ्याच्या आमच्या वर्गात एका मुलाने मला विचारले, "सर, इंग्रजी अमदानीत आपल्या प्रांताचा गव्हर्नर कधी मराठी माणूस होता का?" होता. थोडे दिवसच, पण होता.

भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात. आजचा गोंदिया जिल्हाही त्यातच. कारभार चाले नागपूरहून. 1923 च्या निवडणुकीत तिथल्या कायदेकौन्सिलात स्वराज्य पक्षाला बहुमत मिळाले. पक्षाचा पण असा, की सरकारी अधिकारपद घ्यायचे नाही. 1924 साली या मंडळींनी मंत्र्यांचा पगार किती ठेवला म्हणता? साल दोन रुपये! मंत्री गेले, पण त्यांची खाती गेली गव्हर्नराच्याच हाती. गंमत आहे की नाही?

याच पक्षाचे श्रीपाद बळवंत तांबे. अमरावतीचे वकील, तिथल्या नगरपालिकेत वावरलेले. 1925 साली ते कौन्सिलाचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी गव्हर्नराच्या कार्यकारी मंडळात गृहसभासदाची जागा त्यांनी पत्करली. आधी त्या जागेवर मोरोपंत जोशी होते, तेही अमरावतीचेच वकील. पण जोशी नेमस्त, आणि तांबे पण केलेल्या पक्षाचे. म्हणून गहजब उडाला. मोतीलाल नेहरू संतापले, केळकर आणि जयकर तांब्यांच्या बाजूने उभे राहिले. या वादातूनच 1926 साली अकोल्यास प्रतियोगी सहकार पक्ष निघाला.

पुढे 1929 साली गव्हर्नर सर माँटेग्यू बटलर यांच्या जागी तांब्यांनी हंगामी गव्हर्नर म्हणून काम पाहिले. 1924 च्या एका कायद्याने गव्हर्नरांना मुदतीच्या मध्येच रजेवर जाण्याची सोय झाली होती, त्यामुळे असे प्रसंग येऊ लागले. (आणखी एक मौज बघा: वऱ्हाडचे सार्वभौमत्व कागदोपत्री निजामाचे. त्या मुलखातला हा गृहस्थ इंग्रज बादशहाच्या नावाने राज्य करीत होता!)

तांब्यांनी पक्षाला दगा दिला काय? मला विचाराल तर, आपण केलेला पण मोडायचा तर आधी लोकांपुढे जायला हवे होते; तेवढा दोष त्यांच्याकडे राहतोच. पण दोन रुपयांच्या ठरावाने तरी भंडाऱ्याच्या शेतकऱ्याच्या हाती काय पडले? सत्ता गोऱ्या साहेबाकडेच राहिली. आणि खुर्चीवर तांबे बसले म्हणून ती काही कौन्सिलाला जबाबदार झाली नाही. नेमणूक वरची, मुदत रजेपुरती.

1936 साली पुन्हा तसेच घडले. सर हाइड गोवन रजेवर गेले आणि बिलासपूरचे बॅरिस्टर ई. राघवेंद्र राव हंगामी गव्हर्नर झाले. तेही एकेकाळचे स्वराज्यवादीच.

आता अशा वेळी बहुधा दुसऱ्या राज्याच्या राज्यपालाकडे जादा कार्यभार देतात; पूर्वी उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राजभवनात जात. 1969 साली राज्यपाल डॉ. चेरियन वारले तेव्हा न्यायमूर्ती कोतवाल असेच तिथे गेले होते.