अरबांचा नाच म्हणजे नेमकं काय? जव्हारच्या तारप्यापासून मिसरच्या अर्घूलपर्यंत

स्नेहसंमेलनात "अरबी नाच" बसवायचा ठरला की मुलं मोबाईलवर पहिल्यांदा काय शोधतात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. चमचमता घागरा, उघडं पोट आणि "हबीबी" असलेलं एखादं गाणं. मग पालक नाराज होतात आणि ते साहजिकच आहे. दुसरीकडे काही घरांत मुलांना सांगितलं जातं की अरबांकडे नाचगाणं नाहीच, ते सगळं इथल्या लोकांचं. या दोन्ही गोष्टी अर्धवट आहेत. आणि अर्धवट माहितीवर आपण दोन निर्णय घेतो: आपल्या लग्नात काय वाजवायचं, आणि शाळेतल्या तारपा नाचात आपल्या मुलांनी उभं राहायचं की नाही. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडतो.

आधी आपल्या दारातला तारपा

जव्हार-मोखाड्यात राहणाऱ्याला तारपा सांगावा लागत नाही, पण तो वाजतो कसा हे फार कमी जण बघतात. सुकवलेला दुधी भोपळा, त्याच्यात खाली बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, जोड पक्का करायला मेण, आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. नळ्यांच्या वरच्या टोकाला बारीक जिभली असते, ती भोपळ्याच्या आत लपलेली. वाजवणारा भोपळ्यात हवा भरतो, हवेने जिभल्या थरथरतात आणि दोन्ही नळ्या एकदम बोलतात. भात तयार झालं की दिवाळीपर्यंत पाड्यापाड्यांवर तारपा ऐकू येतो. वाजवणारा मधे, आणि एकमेकांच्या कमरेला हात घालून बाया-पुरुषांची साखळी त्याच्याभोवती फिरते. वारली चित्रातला तो गोल सर्पिल नाच म्हणजे हाच.

आपल्या तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी या वाद्यासाठी आयुष्य दिलं. त्यांना २०२६ सालची पद्मश्री जाहीर झाली. आपल्या मुलांना मोठमोठ्या गायकांची नावं पाठ असतात, हे नाव मात्र माहीत नसतं.

मिसरचा अर्घूल, शामचा मिजविज

आता मिसरला, म्हणजे इजिप्तला चला. तिथल्या खेड्यात अर्घूल नावाचं वाद्य आहे. वेताच्या दोन नळ्या शेजारी-शेजारी बांधलेल्या. एका नळीला भोकं असतात, तिच्यावर चाल वाजते. दुसरी लांबलचक, बिनभोकाची, ती एकच सूर धरून ठेवते. जोडनळीचं वादन तिथं फार जुनं आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या मिसरी थडग्यांच्या भिंतींवर अशी दुहेरी वाद्यं वाजवणारे कोरलेले आणि रंगवलेले आहेत.

शाम म्हणजे पॅलेस्टाईन, लेबनॉन, सीरिया या पट्ट्यात याचा भाऊ आहे, मिजविज. त्याच्या दोन्ही नळ्या सारख्या लांबीच्या, दोघींना भोकं. उर्दू जाणणाऱ्या घरात हे नाव लगेच उलगडेल. जौज म्हणजे जोडी, जौजा म्हणजे बायको. त्याच शब्दातून मिजविज, म्हणजे "जोडलेला". दोन्ही नळ्यांचे सूर तंतोतंत जुळत नाहीत, किंचित मागेपुढे असतात. त्यामुळे आवाजात एक थरथर येते. विज्ञानाच्या तासाला आपण ज्याला विस्पंद म्हणतो, तेच हे.

तारप्यात आणि यांच्यात मुख्य फरक भोपळ्याचा. तारप्यात जिभली भोपळ्यात असते. अर्घूल आणि मिजविजमध्ये ती सरळ वाजवणाऱ्याच्या तोंडात जाते. म्हणजे तिथं भोपळ्याचं काम गाल करतात. बाकी युक्ती तीच: नाकाने श्वास घ्यायचा आणि त्याच वेळी गालात साठवलेली हवा बाहेर ढकलत राहायची, म्हणजे सूर तुटत नाही. मुलांना हे समजवायला पपईच्या देठाची पिपाणी पुरेशी आहे. देठ आखूड केला की आवाज बारीक, लांब ठेवला की जाड.

यावरून "तारपा अरबांकडून आला" किंवा "अरबांनी इथून नेला" असं म्हणू नका. जिथं वेळू, बांबू किंवा वेत उगवतो तिथं माणसाला अशी युक्ती सुचू शकते. साम्य दिसलं म्हणजे नातं सिद्ध झालं असं नाही. पण शेजाऱ्याचं वाद्य "जंगली" आणि अरबांचं वाद्य "आपलं" असं म्हणण्याआधी दोन्ही वाद्यं एकदा हातात घेऊन बघावीत.

साखळीचा नाच: दबका

मिजविजवर नाचतात तो दबका. एका रांगेत खांद्याला खांदा, हातात हात, आणि सगळ्यांचा पाय एकाच वेळी जमिनीवर आपटतो. रांगेच्या टोकाचा माणूस पुढारी. तो रुमाल किंवा तसबीह फिरवत रांगेला वळवतो. लोक असं सांगतात की पूर्वी घरांची धाबी मातीची असायची, पावसाळ्याआधी ती तुडवून घट्ट करायला शेजारी जमायचे आणि त्या तुडवण्यातूनच हा नाच आला. खरं-खोटं काहीही असो, ते गावाने मिळून केलेलं काम होतं ही आठवण त्या कथेत आहे. आपल्याकडेही भात लावणीला एकमेकांच्या शेतावर जातातच की.

पॅलेस्टाईनचा दबका २०२३ साली युनेस्कोच्या मानवी वारशाच्या यादीत गेला. घर, शेत, गाव हातातून गेलेल्या लोकांनी छावण्यांतल्या लग्नांत हा नाच जिवंत ठेवला. त्यांच्यासाठी ती ओळखीची निशाणी आहे.

काठी, तलवार आणि किस्सा

मिसरच्या दक्षिणेकडच्या भागाला सईद म्हणतात. तिथं पुरुष काठीचा खेळ खेळतात, त्याचं नाव तहतीब. दोघं समोरासमोर, मागे मिजमार आणि ढोल. मिजमार म्हणजे आपल्या सनईचा चुलतभाऊ, आवाज तितकाच तीक्ष्ण. काठी समोरच्याला लागू द्यायची नाही, फक्त लागली असती हे दाखवायचं, मोठेपणा त्याच्यात. मोहर्रमचा आखाडा पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तहतीब २०१६ साली युनेस्कोच्या यादीत आलं.

सौदीच्या नज्द भागात अर्दा आहे: तलवारी घेतलेल्या पुरुषांच्या रांगा, ढोल आणि शायरी. अमिरात आणि ओमानमध्ये अय्याला आहे: बांबूच्या बारीक काठ्या घेतलेल्या दोन रांगा समोरासमोर डोलतात. आपल्यापैकी कितीतरी घरांतले लोक आखातात नोकरीला आहेत; त्यांना विचारा, राष्ट्रीय दिनाला हे पाहिलेलं असणार.

आणि मिसरमध्ये रबाबवर गायला जाणारा बनी हिलाल टोळीचा लांबलचक किस्सा आहे, सीरत-ए-हिलालिया. त्यात टोळीचं स्थलांतर, लढाया, इश्क सगळं येतं. गाणारा तो रात्र-रात्र तोंडपाठ सांगतो. शाहिराचा पोवाडा ऐकलेल्या मराठी माणसाला याची ओळख करून द्यायची गरज नाही.

मग तो घागरा कुठून आला? मिसरच्या घरांत बायका लग्नाला बायकांमध्ये साध्या कपड्यांत जो नाच करतात, तो बलदी, म्हणजे "गावचा". १९२० च्या दशकात काहिरामध्ये बदीआ मसाबनी या बाईंनी नाचगाण्याचा क्लब काढला. अशा क्लबांत आणि पुढे सिनेमांत त्या नाचाला रंगमंचाचं रूप आणि तो चमचमता पोशाख मिळाला. म्हणजे मोबाईलवर दिसतो तो "प्राचीन अरबी नाच" फार तर शंभर वर्षांचा आहे.

आपल्या बोलीत लपलेले सूर

अरबी संगीत आपल्यापासून लांब नाही, ते आपल्या जिभेवरच आहे. तबला हा शब्द अरबी तब्लवरून, म्हणजे ढोलावरून आला. नगारा म्हणजे नक्कारा. अरबांच्या तंतुवाद्याचं नाव ऊद, मूळ अर्थ लाकूड. दर्ग्यात जळतो तो ऊद आणि देव्हाऱ्यातली उदबत्ती याच शब्दाची. अरबी रागाला मकाम म्हणतात, आणि आपला एसटीचा "मुक्काम" त्याच घराण्यातला. हिजाझ मकामाचे पहिले चार सूर भैरवच्या सा, कोमल रे, शुद्ध ग, म यांच्या अगदी जवळचे आहेत. मिसरचे कारी तिलावत करतात तेव्हा आवाज कधी चढतो, कधी विरतो, त्यामागेही हेच मकाम असतात. उम्मे कुलसूम ही मिसरची सर्वांत मोठी गायिका. गावच्या इमामाची मुलगी, लहानपणी कुरआन शिकलेली. १९७५ साली तिच्या जनाज्याला काहिराचे रस्ते भरून गेले होते.

महाराष्ट्रातही दोन खुणा ठळक आहेत. एक कोकणात: रिफाई सिलसिल्याचा रातीब, जो दफावर होतो. या सिलसिल्याचे बुजुर्ग सय्यद अहमद रिफाई बाराव्या शतकात इराकमध्ये होऊन गेले. दुसरी मराठवाड्याकडे: निजामाच्या फौजेत यमनच्या हदरमौत भागातले अरब होते. त्यांनी मरफा आणला आणि हैदराबादकडच्या वरातींत तो आजही वाजतो.

मग लग्नात काय वाजवायचं?

जायज-नाजायजचा फैसला देणं शिक्षकाचं काम नाही. उलमांमध्ये यावर मतभेद आहेत आणि प्रत्येक घर आपल्या आलिमांना विचारेल. पण दफाचं स्थान माहीत असायला हवं. सहीह बुखारीत ईदच्या दिवसाची हदीस आहे: हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडे दोन मुली दफ वाजवत गात होत्या, हजरत अबू बकर (रजि.) यांनी टोकलं, तेव्हा हुजूर (स.) यांनी ईद आहे म्हणून त्यांना राहू द्या असं सांगितलं. मिसरच्या वरातीला जफ्फा म्हणतात, तिच्यातही दफ असतो. आपल्या आजी-नानींच्या वेळी मेंदीच्या रात्री बायका दफ किंवा ढोलकीवर गीतं म्हणत. त्याला वीज लागत नव्हती, भाडं लागत नव्हतं.

आता त्याची जागा डीजेने घेतली आहे. रोजंदारीवरचा बाप एका रात्रीच्या आवाजासाठी उसने पैसे घेतो, आणि मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाला हात आखडतो. वर शेजारी तापाने फणफणलेलं मूल असतं, परीक्षेचा अभ्यास असतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी आहे, ते वेगळंच. "अरबी" म्हणून जे गाणं त्या डीजेवर वाजतं, त्याच्यात अरबी किती आणि मिक्सिंग किती, हा प्रश्नही आहेच.

आणि तारप्याच्या गोलात?

काही पालक विचारतात, आमच्या मुलीने शाळेत तारपा नाचात भाग घ्यावा का. इथं एक फरक लक्षात घ्यावा. पाड्यावर तारपा आदिवासींच्या देवाधर्माशी, नव्या पिकाच्या पूजेशी जोडलेला असतो. तिथं आपण पाहुणे. अदबीने बाजूला उभं राहावं, खेळ समजून मधे शिरू नये. शाळेच्या मैदानात पूजा नसते, गोल असतो आणि वर्गमैत्रीण असते. तिथे मुलींचा वेगळा गोल हवा असेल तर तसं शिक्षकांना सांगा, व्यवस्था होऊ शकते. नको असेल तर तेही मोकळेपणाने सांगा. पण मुलीला कारण देताना "ते त्यांचं, घाणेरडं" असं म्हणू नका. तुमचं ते वाक्य दुसऱ्या दिवशी वर्गात पोचतं, आणि तिच्या बाकावरची वारली किंवा कोकणा मैत्रीण ते ऐकते. आपल्या दुकानाचं गिऱ्हाईक, आपल्या बाळंतपणाला धावून आलेली बाई, आपल्या मुलांची दोस्ती, सगळं याच पाड्यांवरून येतं.

या सुट्टीत एवढं करून बघा. मुलांना दबका, तहतीब आणि अय्याला हे तीन शब्द देऊन सोबत बसून शोधायला सांगा. घरातल्या म्हाताऱ्या बाईंना मेंदीची गीतं म्हणायला लावा आणि मोबाईलवर भरून ठेवा. ती कुठे छापलेली नाहीत, त्यांच्याबरोबरच जातील. आणि ओळखीच्या पाड्यावर तारपा बनवणारं कुणी असेल तर त्यांची परवानगी घेऊन, मुलांना भोपळा कसा कोरतात ते एकदा दाखवून आणा.