दुसऱ्या बिलावरची मोटारसायकल

नवी मोटारसायकल शोरूममधून बाहेर पडते तेव्हा मालकाच्या हातात बहुतेक वेळा दोन बिलं असतात. पहिलं गाडीचं. त्यावर इंजिन नंबर, चासी नंबर, कर, सगळं व्यवस्थित छापलेलं. दुसरं लेगगार्ड, सीट कव्हर, मोबाइल होल्डर, फॉगलाइट यांचं, आणि ते कधी वेगळ्या पावतीवर, तर कधी नुसत्या हाती लिहिलेल्या चिठ्ठीवर. विम्याची पॉलिसी निघते ती पहिल्या बिलावर. दुसऱ्याची विमा कंपनीला गंधवार्ताही नसते. ‘फुल इन्शुरन्स आहे’ असं मालक मात्र छातीठोकपणे सांगत असतो.

पुढे हे दुसरं बिल वाढतच जातं. पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत एक दुपार घालवली की गाडीचं रूप पालटून मिळतं. लडाखला जायचं म्हणून कॅरिअर आणि पॅनिअर, रात्रीच्या घाटासाठी जादा दिवे, हौस म्हणून रुंद टायर, आणि आवाजासाठी ‘पंजाब’ किंवा ‘इंदुरी’ सायलेन्सर. यातल्या कशाने विम्याचा हप्ता वाढतो, कशाने वाढत नाही आणि कशाने विमाच धोक्यात येतो, हे दुकानदार सांगत नाही. एजंट तर क्वचितच सांगतो.

हप्त्याचे दोन भाग असतात आणि ते वेगवेगळ्या नियमांनी चालतात. पहिला भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याच्या भरपाईचा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 नुसार तो सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत 75 सीसीपर्यंतच्या दुचाकीला वर्षाला 538 रुपये, 150 सीसीपर्यंत 714, 350 सीसीपर्यंत 1,366 आणि त्यापुढे थेट 2,804 रुपये आहेत. इथे फक्त सीसी बघितला जातो. गाडीला कितीही दिवे लावा, हँडल बदला, हा आकडा हलत नाही. रॉयल एनफिल्डच्याच 349 सीसीची क्लासिक आणि 452 सीसीची हिमालयन यांच्या थर्ड पार्टीत दुपटीहून जास्त फरक पडतो, तो केवळ 350 ची रेघ मध्ये आल्यामुळे. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हाही हीच रेघ धरली गेली. 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर 18 टक्के आणि त्यावरच्यांवर 40 टक्के कर आला.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला ओन डॅमेज म्हणतात. दुसऱ्या बिलाचा संबंध येतो तो इथे. गाडीची विमा उतरवलेली किंमत म्हणजे आयडीव्ही. ती ठरते कंपनीच्या छापील विक्री किमतीवरून, वयाप्रमाणे घसारा वजा करून. गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर 20 टक्के घसारा, चार ते पाच वर्षांची असेल तर 50 टक्के. छापील किमतीत नसलेल्या वस्तूंची किंमत वेगळी सांगावी लागते. सांगितली तर तीही याच घसाऱ्याने धरली जाते. न सांगितल्यास विम्याच्या हिशेबात ती वस्तू अस्तित्वातच नसते.

सांगितल्यावर खर्च किती येतो, याचाच लोकांनी बाऊ करून ठेवला आहे. 2002 च्या अखिल भारतीय मोटार दरपत्रकात जादा विद्युत वस्तूंवर त्यांच्या किमतीच्या 4 टक्के हप्ता होता. बाकीच्या वस्तूंची किंमत गाडीच्या किमतीत मिळवून तिला गाडीचाच दर लागायचा. 150 ते 350 सीसीच्या, पाच वर्षांच्या आतल्या गाडीला हा दर ‘अ’ विभागात 1.793 टक्के होता. ‘अ’ विभागात देशातली आठ शहरं होती आणि त्यांत मुंबई व पुणे ही आपली दोन. नाशिक, नागपूर, कोल्हापूर ‘ब’ विभागात, किंचित कमी दराने. 1 जानेवारी 2007 पासून कंपन्यांना ओन डॅमेजचे दर ठरवायची मोकळीक मिळाली, त्यामुळे आज प्रत्येकीचा आकडा वेगळा. तरी अंदाजासाठी जुना दर उपयोगी पडतो.

समजा, पुण्यातल्या एकाने नव्या गाडीला 6,000 रुपयांचे दिवे आणि 14,000 रुपयांचं कॅरिअर व पॅनिअर बसवलं. दिव्यांचे 240 रुपये, कॅरिअर-पॅनिअरचे 251. त्यावर 18 टक्के जीएसटी. सगळं मिळून वर्षाला सुमारे 580 रुपये. वीस हजारांच्या सामानासाठी महिन्याला पन्नास रुपयेही पडत नाहीत. एवढ्यासाठी माणसं गप्प बसतात हे मला पटत नाही. माझं मत असं, की बहुतेकांना गप्प बसायचं नसतंच, त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. ऑनलाइन नूतनीकरणात ‘इलेक्ट्रिकल’ आणि ‘नॉन-इलेक्ट्रिकल’ अॅक्सेसरीजचे रकाने असतात, पण अनेकदा ते नजरेआड असतात आणि त्यांत आधीच शून्य भरलेलं असतं. हे शून्य ग्राहकाच्या नावावर चढतं आणि क्लेमच्या वेळी त्याच्याच विरुद्ध वाचलं जातं. ही पद्धत बदलायला हवी.

क्लेमच्या वेळी काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. घाटात गाडी आडवी झाली. ती टोचन करून गॅरेजला आणली. विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो. आधी चासी नंबरवरची माती पुसून त्याचा फोटो काढतो, मग इंजिन नंबरचा. नंतर गाडीभोवती फिरत एकेक भाग मूळ मॉडेलशी ताडून बघतो. वाकलेलं हँडल कंपनीचं आहे की बाहेरचं? फुटलेला दिवा पॉलिसीत आहे का? त्याच्या अहवालात बाहेरच्या, न सांगितलेल्या वस्तूंसमोर शून्य पडतं. सांगितलेल्या वस्तूंचीही पूर्ण किंमत मिळतेच असं नाही. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा संरक्षण, नसेल तर प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर सरसकट 50 टक्के कापले जातात, फायबरवर 30. धातूच्या भागांना गाडीच्या वयाचा घसारा लागतो. शिवाय दुचाकीच्या पॉलिसीत एक ओळ असते, ती टूरवर जाणाऱ्या प्रत्येकाने वाचावी: अॅक्सेसरीज चोरीला गेल्या तर भरपाई तेव्हाच मिळेल, जेव्हा त्यांच्यासोबत गाडीही चोरीला गेली असेल. हॉटेलच्या आवारातून नुसती पॅनिअर उचलून नेली तर हप्ता भरूनही हाती काही येत नाही.

वायरिंगचा मामला याहून नाजूक. जादा दिव्यांसाठी रिले न लावता मूळ वायर सोलून जोड मारला, तो तापला आणि गाडी पेटली, तर वाद उभा राहतो. आग पॉलिसीत येते, पण विद्युत बिघाडाने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. जोड कोणी मारला, दिवे नोंदवले होते का, हे प्रश्न तिथे निर्णायक ठरू शकतात. म्हणून दिव्यांच्या किमतीबरोबर बसवणाऱ्याचं बिलही जपून ठेवावं.

आतापर्यंतचं सगळं कायद्याला चालणाऱ्या बदलांबद्दल झालं. सायलेन्सर, इंजिन आणि चासीचा हिशेब वेगळा. कलम 52 सांगतं की उत्पादकाने दिलेला आणि आरसीत नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये अशा प्रत्येक फेरफाराला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहेत. आवाज आणि प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्या तर कलम 190 खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड, कैदेची तरतूद, आणि तीन महिने लायसन्स जाणं हे वेगळंच. महाराष्ट्रातल्या शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोलर फिरवल्याचं आपण पाहिलं आहे. सिलिंडर बोअर करून 350 ची गाडी मोठी केली तर पॉलिसी एका सीसीची आणि रस्त्यावर इंजिन दुसऱ्याच सीसीचं. जास्त हप्ता भरायची तयारी असली तरी त्याला मार्ग नाही, कारण जे आरटीओच्या नोंदीत येऊ शकत नाही ते पॉलिसीतही येत नाही.

अशा गाडीची धडक बसलेल्या माणसाचं काय? कायद्याचा हा भाग मला सगळ्यांत न्याय्य वाटतो. जखमीला भरपाई नाकारण्याची कारणं कलम 150 मध्ये मोजकीच दिली आहेत: लायसन्स नसणं, नशेत चालवणं, शर्यतीत भाग घेणं, महत्त्वाची माहिती दडवून पॉलिसी मिळवणं, अशी. साइडकारशिवाय दुचाकी न वापरण्याच्या अटीचा भंगही त्या यादीत अजून शिल्लक आहे. बदललेला सायलेन्सर त्यात नाही. म्हणजे रस्त्यावरच्या तिऱ्हाइताचं संरक्षण बहुतांशी शाबूत राहतं. उघड्यावर पडतो तो हौशी मालक.

पण त्यानेही पहिल्या नकाराला मान तुकवू नये. गाडी भाड्याने वापरल्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये नितीन खंडेलवाल आणि 2010 मध्ये अमलेंदु साहू या निवाड्यांत अटीचा भंग झालेला असूनही 75 टक्के भरपाई द्यायला लावली. खंडेलवाल प्रकरणात चोरीशी त्या भंगाचा संबंध नाही, हे न्यायालयाने लक्षात घेतलं. तोच तर्क पुढे नेला तर उभी गाडी चोरीला गेली असताना सायलेन्सरकडे बोट दाखवून पूर्ण क्लेम फेटाळणं टिकायला अवघड आहे. अपघाताचं मात्र तसं नाही. बदललेलं हँडल किंवा टायर अपघाताला कारण ठरू शकतं आणि मग मालकाची बाजू लंगडी पडते.

हप्ता कमी करणारे बदलही आहेत, आणि त्यांची माहिती लोकांपर्यंत पोचतच नाही. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने मान्य केलेलं चोरीरोधक उपकरण बसवून त्याचं प्रमाणपत्र दिलं तर जुन्या दरपत्रकात ओन डॅमेजवर अडीच टक्के सूट होती, जास्तीत जास्त 500 रुपये. रक्कम किरकोळच. मोठी सवलत अपंग व्यक्तींसाठी जुळवून घेतलेल्या गाड्यांना होती: ओन डॅमेजच्या हप्त्यात 50 टक्के. मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर आपण रोज बघतो. 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात ‘अनुकूलित वाहन’ ही व्याख्याच आली आणि त्यासाठीच्या फेरफाराला वाट मोकळी झाली. मात्र बदलाची नोंद आरसीवर हवी. चाकं गल्लीतल्या वेल्डरकडून जोडून घेतली आणि आरटीओत कोणी गेलंच नाही, तर निम्मी सूट राहिली बाजूला, क्लेमच्या वेळी तीच चाकं आड येतात. ज्याची कमाई त्या स्कूटरवर अवलंबून आहे त्याला हे सांगणं शोरूमचं, एजंटचं आणि आरटीओचं, तिघांचंही काम आहे.

नोंद करायला नूतनीकरणाची वाट बघावी लागत नाही. वस्तूचं जीएसटी बिल, बसवल्यानंतरचे फोटो आणि एक अर्ज कंपनीकडे पाठवला की उरलेल्या मुदतीचा हप्ता घेऊन ती एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली नोंद, देते. दुसऱ्या बिलावरची वस्तू त्या एंडोर्समेंटमध्ये नावानिशी आणि किमतीसह आली आहे का, हे त्याच दिवशी वाचून बघावं.