वैद्याचे कर्तव्य संपते कोठे?

'आता आमच्या हाती काही उरलेले नाही. यांना घरी घेऊन जा.' हे वाक्य ज्याच्या कानांवर कधी पडले नाही असे कुटुंब आज विरळाच. आर्वीकडच्या एखाद्या शेतकऱ्याला खर्र्यापायी तोंडाचा कर्करोग जडतो, घरचे लोक त्याला वर्ध्यास आणतात, नागपुरास नेतात, प्रसंगी बैलजोडी विकतात, आणि कित्येक महिन्यांच्या धावपळीनंतर एवढे एकच वाक्य घेऊन गावी परततात. रोग हटणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, यात गैर काहीच नाही. परंतु रोग हटणार नाही आणि करण्यासारखे काही उरले नाही, ही दोन विधाने एक नव्हेत. पहिले विधान हे शास्त्राचे अनुमान आहे. दुसरा निव्वळ कर्तव्यत्याग आहे. घरी परतलेल्या त्या रोग्याला वेदनेमुळे रात्रीची झोप नाही, घास गिळता येत नाही, जखमेच्या दुर्गंधीमुळे नातवंडांना जवळ घेता येत नाही. या प्रत्येक दुःखावर काही ना काही उपाय आहे. उपाय जाणणारा मनुष्य मात्र नेमका त्याच वेळी त्या खाटेपासून दूर गेलेला असतो.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे नव्हे. सिसिली साँडर्स ही इंग्लंडमधील बाई प्रथम परिचारिका होती, पुढे रुग्णालयात समाजसेविका झाली. मरणासन्न रोग्यांसाठी काही करावे ही तिची तळमळ पाहून एका शल्यवैद्याने तिला सल्ला दिला, की मरणाऱ्या रोग्याला सोडून जातात ते डॉक्टरच. तेव्हा सुधारणा करावयाची तर आधी डॉक्टर व्हा. तिने तो मानला, १९५७ साली वैद्यकाची पदवी मिळविली आणि १९६७ साली लंडन येथे सेंट ख्रिस्टोफर्स हे हॉस्पिस उघडले. असाध्य रोग्याच्या अखेरच्या काळाची काळजी वाहणाऱ्या आधुनिक चळवळीचा आरंभ तेथूनच मानला जातो. आपल्या देशातील पहिले हॉस्पिस म्हणजे वांद्र्याचे शांती अवेदना सदन. ते १९८६ साली स्थापन केले तेही टाटा रुग्णालयातील एक शल्यवैद्य, डॉ. लुईस डिसोझा यांनी. केरळात कोझिकोड येथे १९९३ साली डॉ. राजगोपाल व डॉ. सुरेश कुमार यांनी जे काम आरंभिले, ते पुढे गावोगावच्या स्वयंसेवकांनी उचलून धरले. पण पहिले पाऊल टाकणारे दोघेही भूलतज्ज्ञ डॉक्टर होते. ज्यांनी रोग्याला सोडून जावे अशी रूढी पडली होती, त्यांतल्याच कोणीतरी मागे वळून पाहिले, म्हणून हे घडले.

यावर कोणी विचारील, की मरणासन्न मनुष्याची सेवा हे मुलासुनांचे काम; तेथे डॉक्टरांचे नेतृत्व कशाला हवे? दिवसरात्र अंग पुसणारी, कूस पालटणारी, चमच्याने पाणी पाजणारी सून वा लेक हीच या सेवेतील खरी मुख्य व्यक्ती होय, आणि तिच्या पाठोपाठ परिचारिका, हे आम्हांस मान्यच आहे. परंतु तीन गोष्टी अशा आहेत की त्या डॉक्टरने केल्या नाहीत तर दुसरा कोणी करू शकत नाही.

पहिली गोष्ट वेदनेची. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने त्याभोवती परवान्यांचे असे कुंपण घातले, की रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४ साली संसदेने ही वाट पुष्कळ सोपी केली. मात्र वेदनाशमनाचे शिक्षण घेतलेला डॉक्टर ज्या संस्थेत आहे, तिलाच ते बाळगण्याची मान्यता मिळते. तो डॉक्टर नसेल तर कायदा सुधारूनही रोग्याच्या वाट्याला कण्हणेच येणार. दुसरी गोष्ट सत्य सांगण्याची. 'अजून एक इंजेक्शन देऊन पाहू' म्हणणे सोपे असते. आता शेत विकू नका, त्याऐवजी यांना बरे वाटेल असे काय करता येईल ते पाहू, हे सांगण्यास अधिकार लागतो आणि धैर्यही लागते. तिसरी गोष्ट थांबण्याची. निरर्थक झालेले कृत्रिम उपचार नाकारण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राची रीत २४ जानेवारी २०२३ रोजी पुष्कळ सुलभ केली. परंतु त्या इच्छापत्राची अंमलबजावणी अखेर उपचार करणाऱ्या डॉक्टरपासून आणि वैद्यकीय मंडळापासूनच सुरू होते. डॉक्टरने पाय मागे घेतला, तर तो हक्क कागदावरच राहतो.

म्हणून नेतृत्व म्हणजे हुकमत असा अर्थ आम्ही करीत नाही. शस्त्रक्रियागृहात सर्जनचा शब्द अखेरचा असतो, आणि तेथे तो तसा असलाच पाहिजे. येथील पुढारीपण निराळे आहे. परिचारिकेचे निरीक्षण आपल्या अंदाजाहून अचूक असू शकते हे मान्य करणे, औषधाची मात्रा घरच्यांना समजावून त्यांच्यावर विश्वास टाकणे, आणि इतके करूनही मध्यरात्री फोन आला तर तो उचलणे, हे या पुढारीपणाचे स्वरूप होय. यात कीर्ती थोडी आणि मिळकत त्याहून थोडी. म्हणूनच संस्थाप्रमुख डॉक्टरांनी या कामाला मान दिल्याशिवाय तरुण डॉक्टर इकडे वळणार नाहीत.

हे सर्व आम्ही वर्धा जिल्ह्याला उद्देशून लिहितो याला कारण आहे. बरे न होणाऱ्या माणसाला टाकू नये, हा धडा या भूमीने देशाला दिलेला आहे. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे व्रत घेतले. सेवाग्राम आश्रमात परचुरेशास्त्री या कुष्ठपीडित विद्वानाला गांधीजी स्वतःच्या हातांनी मालिश करीत. त्या मालिशीने कुष्ठ हटणार नव्हता. तरीही त्या हातांचे मोल कमी होते असे कोण म्हणेल? याच जिल्ह्यात धाम नदीच्या काठी, पवनार येथे, सत्त्याऐंशी वर्षांच्या विनोबांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न, पाणी व औषध सोडले आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवशी, देह ठेवला. मनुष्याने नको म्हटल्यावर वैद्यकाने थांबावे की नाही, हा प्रश्न न्यायालयात जाण्याच्या कितीतरी आधी पवनारला उभा राहिला होता. मात्र येथे एक सावधगिरी हवी. विनोबांचा निर्धार हा आयुष्यभराच्या साधनेचा परिपाक होता. सामान्य रोग्याकडून त्या धैर्याची अपेक्षा करणे आणि त्याच्या वेदनेला 'भोग' म्हणून मोकळे होणे, ही शुद्ध क्रूरता होय.

सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय डॉ. सुशीला नय्यर यांनी उभे केले; १९६९ साली त्यांनीच तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. सावंगीच्या रुग्णालयाला तर आचार्य विनोबांचेच नाव आहे. एका लहानशा जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये असण्याचे भाग्य कितीकांना लाभते? सेवाग्रामला विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि तेथील कुटुंबे विद्यार्थ्यांना वाटून दिली जातात. त्या कुटुंबांत एखादा अंथरुणाला खिळलेला म्हातारा असला, तर त्याच्या अखेरच्या दिवसांपर्यंत त्या विद्यार्थ्याने आपल्या अध्यापकासह जात राहावे. पुस्तकातील कोणताही धडा त्याला याहून अधिक शिकविणार नाही. जिल्ह्याचे तालुके आठच आहेत. प्रत्येक तालुक्यात वेदनाशमनाचे शिक्षण घेतलेला एक डॉक्टर, त्याच्याबरोबर दोन परिचारिका, कुलूपबंद कपाटात मॉर्फिन आणि घरोघर जाण्यासाठी एक वाहन, ही मागणी अवास्तव आहे असे कोण म्हणू शकेल? दोन्ही महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालय यांच्या प्रमुखांनी एकत्र बसून हे मनावर घ्यावे, अशी आमची त्यांस विनंती आहे. या कामी मोठ्या इमारतीची गरज नाही. नवे यंत्रही नको.

'आमच्या हाती काही उरलेले नाही' असे म्हणणाऱ्या डॉक्टरने क्षणभर स्वतःच्या हातांकडे पाहावे. ते हात नाडी धरू शकतात, वेदना शमविणारी औषधाची चिठ्ठी लिहू शकतात, घाबरलेल्या मुलाच्या खांद्यावर विसावू शकतात. रोग्याला घरी न्या असे खुशाल सांगावे. कित्येकांची तीच इच्छा असते. परंतु त्या वाक्याला आणखी दोन शब्द जोडावेत: 'मी येईन.' आणि मग खरोखरच जावे. वैद्याचे कर्तव्य रोग हरल्यावर संपत नाही आणि वैद्य हरल्यावरही संपत नाही. ते रोग्याच्या अखेरच्या श्वासाबरोबरच संपते.