वजनकाट्यावर उभं असताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावी किशोरवयीन मुलांचं वजन ही सार्वजनिक मालमत्ता असते. ‘काडी’ आणि ‘ढोल्या’ ही नावं शाळेत मिळतात, नातेवाईक ती लग्नकार्यात उगाळतात. डॉक्टरांनीही तेच सुनावलं, तर पोरगं पुन्हा दवाखान्याची पायरी चढेल कशाला?

२०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातली सुमारे २४ टक्के मुलं कृश आढळली, तर ५ टक्क्यांचं वजन जास्त होतं. म्हणजे डॉक्टरला दोन्ही टोकांशी बोलता यायला हवं.

हे बोलणं शिकवायला आपण उशीरच केला. २०१४मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. महाराष्ट्रात त्याची ‘मैत्री’ सल्ला केंद्रं आहेत. पण एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादाचे धडे आले ते २०१९पासून. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयालाही तोच अभ्यासक्रम लागू आहे.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७मध्ये सांगितलं, की ‘लठ्ठ’ऐवजी ‘वजन’सारखे साधे शब्द वापरा. आपल्याकडे त्याआधी आणखी एक काम असतं: मुलाऐवजी उत्तरं देणाऱ्या आईला थोडा वेळ बाहेर बसवणं. आणि बोलायचं ते झोपेबद्दल, खेळाबद्दल, डब्याबद्दल. काट्यावरचा आकडा नंतर.