‘वाइन’ आणि ‘दारू’ : प्रवराकाठच्या एका शब्दभेदाचा विचार

मराठीतील मादक पेयांची नावे एकत्र मांडून पाहिली असता त्यांत पेयांचे वर्गीकरण थोडे आणि पिणाऱ्यांचे वर्गीकरण फार, असे आढळून येते. ‘मद्य’, ‘दारू’, ‘देशी’, ‘गावठी’, ‘हातभट्टीची’, ‘विदेशी’, ‘वाइन’ ही नावे वरवर पाहता पदार्थांची आहेत. वस्तुतः ती समाजातील पायऱ्यांची आहेत. या पायऱ्या कशा घडल्या आणि त्यांपैकी किती पायऱ्यांना पदार्थगत आधार आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात योजिला आहे. त्यासाठी प्रवरा नदीचे खोरे, विशेषतः तिच्या उगमाजवळचा भंडारदरा परिसर, हे उदाहरण म्हणून घेतले आहे. तसे करण्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

या विषयाला अलीकडे जे सार्वजनिक महत्त्व आले ते एका वाक्यामुळे. २७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने किमान एक हजार चौरस फूट क्षेत्रफळाच्या किराणा-भांडारांतून स्वतंत्र कपाटात वाइन विकण्यास अनुमती देण्याचे ठरविले. त्यावर टीका होताच सत्ताधारी पक्षांकडून ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असा खुलासा करण्यात आला. विरोधकांनी ‘महाराष्ट्राचे मद्यराष्ट्र’ हा प्रतिशब्द फिरविला. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी उपोषण जाहीर केले व पुढे ते स्थगित केले, निर्णयही बारगळला. राजकारणाचा भाग येथे अप्रस्तुत आहे. भाषेच्या अभ्यासकास मात्र हे वाक्य सोडून देता येण्याजोगे नाही.

कायद्याच्या दृष्टीने पाहता हा दावा टिकत नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमात मद्याच्या व्याख्येत स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेले सर्व द्रव अंतर्भूत आहेत. व्याकरणाच्या दृष्टीनेही गंमत अशी की, मराठीने वाइन, व्हिस्की, रम, बिअर, शॅम्पेन या सर्व उसन्या शब्दांना ‘दारू’चेच स्त्रीलिंग बहाल केले आहे. ‘वाइन ही दारू नव्हे’ असे म्हणणारा वक्ता ‘ही’ या सर्वनामानेच आपल्या विधानाला छेद देत असतो. परंतु शब्दार्थ केवळ व्याख्येने ठरत नाही. ‘पक्षी’ म्हटल्यावर जसे चिमणी डोळ्यांपुढे येते, शहामृग येत नाही, तसे ‘दारू’ म्हटल्यावर मराठी भाषकाच्या मनात जे चित्र उभे राहते त्यात द्राक्षाचा मळा नसतो. त्यात गुत्ता, झिंगलेला पुरुष आणि रिकामे डबे असलेले घर असते. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ याचा खरा अर्थ ‘वाइन पिणारे ते लोक नव्हेत’ असा होता.

तरीही हा युक्तिवाद लोकांना पटला नाही, आणि त्याचे कारण भाषिकच आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात ‘वाइन शॉप’ ही पाटी दिसते. त्या दुकानात मुख्यत्वे व्हिस्की, रम आणि बिअर विकली जाते. द्राक्षाची वाइन एखाद्या कोपऱ्यात उभी असते. म्हणजे ‘वाइन’ हा शब्द मराठीत फार पूर्वीच पसरट होऊन महागड्या दारूचे सभ्य नाव बनला होता. दुसऱ्या दुकानावर ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ अशी पाटी असते. एका दुकानास आपला माल सांगण्यास उसना शब्द पुरतो, दुसऱ्यास सरकारची मान्यता पाटीवर मिरवावी लागते. ज्या शब्दाने अनेक वर्षे व्हिस्कीवर पांघरूण घातले, तोच शब्द एके दिवशी अचानक काटेकोर अर्थाने घ्यावा अशी अपेक्षा करणे भाषेच्या स्वभावास धरून नव्हते.

‘दारू’ या शब्दाचा इतिहासही असाच घसरणीचा आहे. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. मराठीत तो शब्द मादक पेयासाठी स्थिर झाला आणि तोफेच्या दारूसाठीही. ‘दारूगोळा’ व ‘शोभेची दारू’ यांत तो अद्याप निष्कलंक आहे. ‘आबकारी’ हाही फारसी. त्यातील ‘आब’ म्हणजे पाणी. ‘गुत्ता’ म्हणजे मूळचा मक्ता. ‘गुत्तेदार’ हा शब्द मराठवाड्यात आजही कंत्राटदारासाठी सन्मानाने वापरला जातो, परंतु नुसता ‘गुत्ता’ म्हटले की अर्थ एकच. करवसुलीच्या पद्धतीचे नाव पिण्याच्या जागेला चिकटले, हे वासाहतिक अबकारीच्या इतिहासाचे बोलके अवशेष होत.

पेयाच्या उगमस्थानावरून त्याची प्रतिष्ठा ठरविण्याची हौस युरोपातून आली, अशी समजूत आढळते. ती बरोबर नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या सुराध्यक्ष प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हटले असून त्याचे प्रकार त्याच्या देशावरून ओळखावेत असे सांगितले आहे. कापिशायन आणि हारहूरक ही ती दोन नावे. पैकी पहिले कापिशी, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर, यावरून आलेले आहे, आणि त्याच्या सिद्धीसाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र रचिले आहे. बाटलीवर प्रदेशाचे नाव छापण्याची बोर्दोची पद्धत आणि ‘नाशिक व्हॅली वाइन’ला मिळालेले भौगोलिक निर्देशन यांचा पूर्वज हा असा व्याकरणात सापडतो. स्थानिक सुरा मात्र धान्य, गूळ यांवरून ओळखली जाई. मनुस्मृतीतील गौडी, पैष्टी व माध्वी ही नावे पदार्थांची आहेत, देशांची नव्हेत. दुरून आलेल्याला गावाचे नाव आणि जवळच्याला कच्च्या मालाचे नाव, हा भेद तेव्हापासूनचा. ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-ग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मद्यांत इटालियन मद्यास अधिक पसंती असल्याचे नमूद आहे. प्रवरेच्याच काठी असलेल्या नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या वतीने हसमुख सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या उत्खननात परदेशी कुंभांचे तुकडे मिळाले. म्हणजे या नदीच्या काठी परदेशी माल मिरविण्याची परंपरा सुमारे दोन हजार वर्षांची धरावयास हरकत नाही!

आता त्याच नदीच्या वरच्या अंगास वळू. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा भाविकांच्या तोंडी ‘अमृतवाहिनी’ आहे, आणि रतनवाडीचे अमृतेश्वराचे मंदिर तिच्या उगमापाशी उभे आहे. १९१० मध्ये भंडारदरा येथे धरणाचे काम सुरू होऊन १९२६ मध्ये ते पूर्ण झाले. विल्सन धरण आणि त्यामागचा आर्थर जलाशय ही त्याची वासाहतिक काळातील नावे. या पाण्याने श्रीरामपूर-राहाता भागातील कोरडवाहू जमीन उसाखाली आली. १९५० मध्ये लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला व त्यापाठोपाठ इतर कारखाने आले. साखरेबरोबर मळी निघते; मळी आंबवून तिचे ऊर्ध्वपातन केले की मद्यार्क निघतो. या मद्यार्कात पाणी, रंग आणि संत्र्याचा वा अन्य स्वाद मिसळला की देशी दारू तयार होते. तोच मद्यार्क अधिक शुद्ध करून, त्यात निराळे स्वाद मिसळून, लांब मानेच्या बाटलीत भरला की त्यास ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ असे म्हणतात. भारतात खपणाऱ्या व्हिस्की-रमपैकी फार मोठ्या भागाचा पाया असा मळीचाच आहे. ‘भारतीय बनावटीचे विदेशी’ ही संज्ञा मराठी गद्यातील विरोधाभासाचे उत्तम उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकात घालावी अशी आहे. पावसाळ्यात धबधबे आणि वळवाच्या सुमारास काजवे पाहण्यासाठी मुंबई, नाशिक व पुण्याहून पर्यटक भंडारदऱ्यास येतात. त्यांच्या गाडीतील ‘विदेशी’ बाटली आणि खालच्या गावातील ‘देशी’ बाटली यांचे मूळ बहुधा त्याच जलाशयाच्या वा तशाच एखाद्या जलाशयाच्या पाण्यावर वाढलेल्या उसात असते.

या दोन बाटल्यांसाठी क्रियापदेही दोन आहेत. ‘तो पितो’ या वाक्यात कर्म सांगावे लागत नाही. सकर्मक क्रियापदाचे कर्म लोपले की मराठीत ते कर्म दारू असते. ‘ते कधीमधी घेतात’ या वाक्यातही कर्म लोपलेलेच आहे. परंतु येथे कर्ता आदरार्थी बहुवचनात गेला आहे, ‘पिणे’च्या जागी ‘घेणे’ आले आहे आणि ‘कधीमधी’ हे क्रियाविशेषण पहारा देण्यास उभे केले आहे. वाइनच्या बाबतीत ‘घेणे’ही पुरेनासे होऊन ‘आस्वाद घेणे’ असा प्रयोग रूढ होत आहे. खालच्या टोकास ‘ढोसणे’ व ‘झोकणे’ आहेतच.

विशेषणांचे वर्तन याहूनही विलक्षण आहे. ‘गावठी कोंबडी’, ‘गावरान अंडी’, ‘देशी गाईचे तूप’ म्हटले की बाजारात भाव चढतो. तीच ‘गावठी’ व ‘देशी’ ही विशेषणे दारूस लावली की भाव उतरतो, आणि माणसास ‘गावठी’ म्हटले की त्याचा अपमान होतो. तेव्हा हीनता विशेषणाच्या अर्थात नाही. ज्या वस्तूचा ग्राहक शहरी व सुस्थितीत आहे तिच्या बाबतीत ‘गावठी’ हे शुद्धतेचे प्रमाणपत्र ठरते. ज्या वस्तूचा ग्राहक मजूर आहे तिच्या बाबतीत तो डाग ठरतो.

स्वस्त वाइनही या नियमातून सुटलेली नाही. पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातील पोर्ट ही द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचा मद्यार्क घालून गोड व तीव्र केलेली वाइन. १७०३ च्या मेथुएन करारानंतर ती इंग्लंडात स्थिरावली, आणि १७५६ मध्ये तिचा प्रदेश अधिकृतपणे आखला गेला. तेच नाव धारण करणारी गोव्यातील गोड, स्वस्त, लाल वाइन मात्र जाणकार म्हणविणारांच्या टिंगलीचा विषय आहे. २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर नाशिक परिसरात जी वाइन-संस्कृती वाढली, तिच्या परिभाषेत ‘गोड’ हा शब्द दूषणाकडे झुकू लागला. पुरणपोळीच्या प्रदेशात ही कामगिरी लहान नव्हे. या परिभाषेच्या विश्वासार्हतेविषयी भाषाविज्ञानाने दोन महत्त्वाचे निष्कर्ष दिले आहेत. एड्रिएन लेहरर या भाषाशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, एकाने केलेल्या वर्णनावरून दुसऱ्यास ती वाइन ओळखता येणे फारसे साधत नाही. २००१ मध्ये बोर्दो येथील संशोधकांनी पांढऱ्या वाइनला बेमालूम लाल रंग देऊन ती वाइनशास्त्राच्या चोपन्न विद्यार्थ्यांपुढे ठेविली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनसाठी राखीव असलेल्या शब्दांत केले. चवीत भेद नसतात असा याचा अर्थ नव्हे. डोळ्यांना जे दिसले त्याचे शब्द जिभेने उच्चारले, एवढाच याचा अर्थ.

उत्तर सह्याद्रीतील आदिवासींचा मोह या उतरंडीत कोठे बसतो, हा प्रश्न मात्र चवीपुरता नाही. संस्कृत ‘मधूक’पासून आलेला हा ‘मोह’ आणि भुरळ या अर्थाचा ‘मोह’ हे दोन भिन्न शब्द उच्चारात एक झाले. नीतिपर भाषणांत त्यांवर कोटी करण्याचा मोह वक्त्यांना आवरत नाही. फुले पहाटे गळतात, ती वेचून वाळवितात, भिजवून आंबवितात व मडक्यांच्या साध्या यंत्रातून त्यांचा अर्क काढतात. ‘पहिल्या धारेची’ हा वाक्प्रचार त्याच भट्टीवरचा. कौटिल्याने गृहस्थांना समारंभांसाठी घरी सुरा करण्याची मुभा दिली होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने अशी मुभा संपविली, आणि १८९२ च्या मोह-कायद्याने घाटाखालच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत नुसती फुले बाळगण्यावरही बंधने आणली. जंगलात वेचलेले फूल हा गुन्ह्याचा पुरावा ठरला. महाराष्ट्र शासनाने मोहफुलांच्या संकलनावरील व वाहतुकीवरील निर्बंध उठविले ते २०२१ मध्ये. गोव्याने हा प्रश्न नावानेच सोडविला : काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले आणि २०१६ मध्ये तिला ‘देशी दारू’च्या वर्गातून काढून वारसा-पेयाचा दर्जा देण्यात आला. बाटलीतील द्रव तोच राहिला.

नावाचा हा खेळ निरुपद्रवी नाही. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली. २०१७ मध्ये नगर तालुक्यातील पांगरमल येथे बनावट दारूने बळी घेतले. अशा प्रसंगी ‘गावठी दारूचे बळी’ हा मथळा सवयीने येतो. मालवणीत मारक ठरला तो उद्योगांत वापरला जाणारा मिथेनॉल. तो मोहाच्या फुलातून आला नव्हता, कारखानी साठ्यातून चोरवाटेने आला होता. ‘गावठी’ या शब्दाने दोष गावाच्या माथी मारला की चोरवाटेचा शोध घेण्याची निकड तेवढी कमी होते.

येथे एका गोष्टीचा निर्देश करावयास हवा. वरील विवेचनावरून देशी दारूची बाजू घेणे अभिप्रेत नाही. दारूबंदीसाठी गावोगावच्या स्त्रियांनी ज्या मतदानाचा आधार घेतला, त्यात मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. ‘बाटली आडवी केली’ हा वाक्प्रचार त्यांनी मराठीस दिला. या स्त्रियांच्या बोलण्यात देशी, विदेशी, वाइन हे भेद क्वचितच येतात. त्यांच्या शब्दकोशात ‘बाटली’ हा एकच शब्द आहे, आणि घरातील पगार कोठे जातो हे सांगण्यास तो पुरेसा आहे.

२०२५ च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाराष्ट्र निर्मित मद्य’ नावाचा धान्याधारित नवा वर्ग निर्माण केला. त्या वेळी जाहीर झालेल्या किमान किरकोळ किमती १८० मिलिलिटरला अशा : देशी मद्य ८० रुपये, महाराष्ट्र निर्मित मद्य १४८ रुपये, भारतीय बनावटीचे विदेशी मद्य २०५ रुपये, उच्च प्रतीचे विदेशी मद्य ३६० रुपये. शासकीय भाषेने येथे ‘दारू’ शब्द सर्वत्र टाळून ‘मद्य’ योजिला आहे, आणि ‘देशी’ व ‘महाराष्ट्र निर्मित’ यांच्यात अर्थाने नसलेले अडुसष्ट रुपयांचे अंतर ठेविले आहे. लांबलचक शासकीय नावे गिऱ्हाइकाच्या तोंडी टिकत नाहीत. ‘देशी दारू’चे नुसते ‘देशी’ झाले, १८० मिलिलिटरच्या बाटलीची ‘क्वार्टर’ झाली. या नव्या वर्गास लोक कोणते नाव देतात, आणि त्याच्याशी ‘पिणे’ जोडतात की ‘घेणे’, याच्या नोंदी दुकानांच्या दारांतच कराव्या लागतील.