‘उसकी रोटी’ : वाट बघण्याचा सिनेमा

पंजाबातली बालो बसड्रायव्हर नवऱ्याची रोटी घेऊन रस्त्याकडेला उभी राहते. एक दिवस तिला उशीर होतो, तो रागावून बस पुढे काढतो आणि ती रात्रीपर्यंत थांबते. मोहन राकेश यांच्या कथेवरच्या ‘उसकी रोटी’त (१९६९) घटना म्हणाल तर एवढ्याच.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटकांकडे शिकलेल्या मणि कौल यांचा हा पहिला कथापट. कॅमेरामन के. के. महाजनही त्याच संस्थेतले. या छायाचित्रणासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मला सगळ्यात भावते ती लेन्सची योजना. मुख्यतः दोनच : २८ आणि १३५ मिलिमीटर. २८मध्ये जवळची बालो आणि लांबवर गेलेला रस्ता, दोन्ही स्पष्ट दिसतात. १३५मध्ये मागचं सगळं पुसट होतं, उरतो फक्त चेहरा किंवा हात. सुरुवातीला एक लेन्स प्रत्यक्षासाठी, दुसरी तिच्या मनातल्या चित्रांसाठी. पुढे कौल हा नियमच उलटवतात. मग समोरची बस खरंच आली की तिला भास झाला, हे आपल्यालाही कळेनासं होतं. (दुसऱ्यांदा बघताना मी फक्त पार्श्वभूमीकडे बघत होतो. जरूर करून बघा.)

संवाद मुद्दाम सपाट आवाजात आहेत. तेव्हा अभिनय शोधू नका. हातांकडे बघा, पिठाकडे बघा, आणि बालो उभी आहे त्या झाडाखाली तिच्यासोबत थांबा.