मध्येच थांबलेल्या कामाचे चौसष्ट बाइट

बेळगावच्या पश्चिमेला, बेळगुंदीच्या शिवारात विहिरीवरची मोटर चालू करायला रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन जायची गरज आता उरलेली नाही. मोबाईल स्टार्टर बसवला की घरबसल्या फोनवरून काम होतं. या पेटीमागे व्यवधानं मात्र बरीच: फोनला उत्तर द्यायचं, तिन्ही फेज तपासायचे, पाणी आटून मोटर कोरडी फिरत नाही ना हे बघायचं. आत मायक्रोकंट्रोलर एकच, आणि तो एका वेळी एकच सूचना पाळणारा.

साध्या पेट्यांत ही कामं एका लूपमध्ये ओळीनं उरकतात. खरं सांगायचं तर बऱ्याचदा तेवढं पुरतंही. पण मोबाईल नेटवर्कशी जोडणाऱ्या मोडेमच्या उत्तराची वाट बघत लूप अडकलेला असताना नेमका एक फेज गेला तर? मोटर दोन फेजवर गुरगुरत राहते, वाइंडिंग तापतं. म्हणून रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे आरटीओएस. तिच्यात फेज तपासणाऱ्या कामाला वरचा अग्रक्रम देता येतो. त्याची वेळ झाली की मोडेमचं काम असेल तिथं थांबतं.

थांबतं म्हणजे काय होतं? एआरएमचा कॉर्टेक्स-एम३ हा प्रोसेसर आणि रिचर्ड बॅरी यांनी २००३ च्या सुमारास सुरू केलेली फ्रीआरटीओएस ही आरटीओएस घेऊन पाहू. सिस्टिक नावाचा टायमर ठरावीक वेळानं, बहुधा दर मिलिसेकंदाला, इंटरप्ट देतो, म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावतो. काम बदलायचं का, हे आरटीओएसचा गाभा, म्हणजे कर्नल, तेव्हा ठरवतो. पण अदलाबदल तिथल्या तिथं करत नाही. त्यासाठी पेंडएसव्ही हा सर्वांत खालच्या अग्रक्रमाचा इंटरप्ट मागून ठेवतो. दुसरा एखादा इंटरप्ट अर्ध्यावर असेल तर तो आधी पुरा होतो, मगच पेंडएसव्हीची पाळी.

इंटरप्टमध्ये शिरतानाच प्रोसेसर आठ रजिस्टरं (चालू हिशेबाचे कप्पे) चालू कामाच्या स्टॅकवर (मेमरीतल्या त्याच्या राखीव जागेत) आपणहून ठेवतो. उरलेली आठ, आर४ ते आर११, पेंडएसव्हीचा हँडलर ठेवतो. प्रत्येकी चार बाइट, एकूण चौसष्ट. मोडेमचं काम कुठं होतं, काय हिशेब करत होतं, ते सगळं त्यात आलं. स्टॅकचा पत्ता त्या कामाच्या नोंदीत लिहायचा, नव्या कामाचा पत्ता उचलायचा, त्याची आठ रजिस्टरं भरायची आणि इंटरप्टमधून परतायचं. उरलेली आठ प्रोसेसर भरतो, आणि पुढची सूचना कुठली हे सांगणारं रजिस्टर त्यांतच असल्यामुळे परतणं होतं ते दुसऱ्याच कामात! हे सगळं असेम्ब्लीत लिहावं लागतं, कारण सीचा कंपायलर हीच रजिस्टरं स्वतःसाठी वापरत असतो.

मग जे काम अजून एकदाही चाललेलं नाही, त्यात परतायचं कसं? इथली चलाखी मला फार आवडते. काम निर्माण करतानाच त्याच्या स्टॅकवर एक बनावट नोंद रचून ठेवतात, जणू ते पहिल्या सूचनेपाशी कुणी तरी थांबवलं होतं. प्रोसेसर निमूट ते खरं मानतो.

फ्रीआरटीओएसच्याच माहितीनुसार अनुकूल मांडणीत ही अदलाबदल ८४ क्लॉक सायकलींत होते. ७२ मेगाहर्ट्झच्या चिपवर मायक्रोसेकंदाहून जरा जास्त. वेळेची चिंता नको. चिंता मेमरीची. स्वस्त एसटीएम३२एफ१०३ चिपमध्ये रॅम २० किलोबाइट, आणि प्रत्येक कामाला स्वतंत्र स्टॅक. तो कमी पडला की काम शेजारच्या मेमरीवर लिहू लागतं, आणि बिघाड भलतीकडेच दिसतो.

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे. त्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमात कॉर्टेक्स-एम३ आणि आरटीओएस एकाच विषयात शिकवले गेले आहेत. परीक्षेपुरत्या व्याख्या पाठ करणाऱ्या मुलांना एवढंच सांगणं: फ्रीआरटीओएसचा कोड फुकट मिळतो आणि पेंडएसव्हीचा हँडलर विसेक सूचनांचा आहे. डीबगर लावून एकदा तो एकेक सूचना पुढं सरकवत, रजिस्टरांवर नजर ठेवून बघा.